रक्ताच्या सागरावरचा क्रूस

शिल्पकार बर्निनी म्हटले की रोममधले संगमरवरी पुतळे आठवतात. मला आज त्याने कागदावर काढलेल्या एका चित्राविषयी बोलायचे आहे.

सुमारे १६७० सालची गोष्ट. बर्निनीची सत्तरी उलटली होती. एकामागून एक पोपांची कामे केलेला हा कलावंत आता स्वतःच्या मरणाची तयारी करत होता, आणि त्या तयारीतूनच हे रेखाचित्र आले. यातला क्रूस जमिनीत रोवलेला नाही. तो अधांतरी आहे. येशूच्या जखमांतून रक्ताच्या धारा वाहताहेत, खाली त्यांचा समुद्र झालाय, आणि त्या समुद्राला किनारा नाही. मरिया माता ते रक्त हातांवर झेलते आहे. वर पिता परमेश्वर बाहू पसरून आहे. पाहताना अंगावर काटा येतो. बर्निनीला मात्र त्यात आधार वाटे. आपली पापे कितीही असोत, या सागरात ती बुडून जातील, ही त्याची श्रद्धा होती.

अशा श्रद्धेला चित्राचे रूप देण्यामागे त्या काळाचाही हात होता. प्रोटेस्टंटांनी प्रतिमापूजेवर हल्ला चढवला, तेव्हा १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रतिमांची बाजू घेतली. जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची ध्यानपद्धती तर चित्रकाराला जवळचीच: येशूच्या आयुष्यातला प्रसंग, ती जागा, ती माणसे मनात डोळ्यांपुढे उभी करायची. बर्निनी रोज मिस्साला जाई, चांगले मरण यावे म्हणून जेझुइटांच्या जेझू चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेलाही जाई. मनात पाहिलेले कागदावर उतरवणे हा तर त्याचा जन्माचा व्यवसाय.

बर्निनीच्या, म्हणजे बरोक काळातली धर्मचित्रे म्हणजे चर्चचा प्रचार, असे म्हणून अनेक जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. प्रचार होता, नाही असे नाही. पण प्रचारासाठी काढलेले चित्र कोणी स्वतःच्या मरणशय्येसमोर लावून घेत नाही. बर्निनीने याच चित्राची मोठी रंगीत प्रत आपल्या बिछान्यासमोर ठेवली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. फ्रान्स्वा स्पिएर याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचे छाप काढले, आणि ते इतरांच्याही हाती गेले. नोव्हेंबर १६८० मध्ये बर्निनी वारला.

पण त्याच्या कलेचा धागा गोव्यापर्यंत येतो. त्याच्या हाताखाली काम केलेला एर्कोले फेराता रोममध्ये शिकवत असे. फेराताचा शिष्य फोज्जिनी. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे जे समाधिस्मारक १६९८ मध्ये उभे राहिले, ते या फोज्जिनीचे. पुढच्या वेळी तिथे गेलात, तर संतांचे अवशेष असलेल्या चांदीच्या पेटीवरून नजर थोडी खाली आणा आणि ब्राँझमधली फोज्जिनीची उठावचित्रे सावकाश पाहा.