चुंबकीय वादळे आणि आपला भूप्रदेश



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या सुरत शहरात मराठी मुलांना मराठीतून विज्ञान शिकविले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने सूर्यावरील उत्पातांविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना विपरीत वाटेल. निमंत्रण आले तेव्हा मलाही ते वाटलेच. परंतु या विषयाच्या दाराशी मला वाङ्मयेतिहासानेच आणून सोडले आहे, एवढे सांगून आपली क्षमा मागतो.

प्रबंधासाठी एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य वाचीत असताना दोन नावे पुन्हा पुन्हा भेटत. एक ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, दुसरे केरो लक्ष्मण छत्रे. बाळशास्त्र्यांकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे काम होते, आणि केरूनाना तर विद्यार्थिदशेतच ऑर्लिबार या प्राध्यापकांच्या हाताखाली तेथे निरीक्षक म्हणून लागले. आम्ही साहित्याची माणसे हा तपशील चरित्राच्या कडेला ठेवतो आणि पुढे जातो. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. वेधशाळेत हे लोक करीत काय, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला.

ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापिली. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे घेतली जाऊ लागली. टांगलेल्या चुंबकाची स्थिती ठराविक वेळी पाहायची आणि वहीत आकडा मांडायचा, दिवसा आणि रात्री, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात. याहून नीरस काम शोधून सापडणार नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहात अकस्मात झगझगीत प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ येऊन थडकले. दूरदूरच्या देशांत रात्रीचे आकाश तांबडे झाले. अमेरिकेत काही तारायंत्रे विद्युत्घट काढून घेतल्यावरही चालत राहिली. मुंबईत त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ कलत होती. आकाशात सूर्य असल्यामुळे कोणाला काही दिसणे शक्यच नव्हते. कुलाब्याचा चुंबक तेवढा हलला. तेथील क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले, म्हणजे शेकडा चारच्या आसपास. केरूनानांनी तोवर वेधशाळा सोडली होती. फर्ग्युसन नावाचे नौदलातील अधिकारी तिचे प्रमुख होते. चुंबक अस्वस्थ झालेला पाहून निरीक्षकांनी नेहमीच्या वेळेची वाट न पाहता थोड्या थोड्या मिनिटांनी वाचन घेतले. उत्तरेकडील अनेक वेधशाळांत नोंदीची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याचे आकडे मात्र राहिले, आणि २००३ साली नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते पुन्हा तपासले, तेव्हा त्या वादळाचा आवाका जगाला नव्याने कळला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ध्रुवांपासून इतक्या दूर असलेल्या मुंबईला हे मोजमाप का साधावे? सूर्यापासून सुटलेला विद्युत्भारित वायूचा लोट स्वतःचे चुंबकत्व घेऊन येतो. ते दक्षिणमुखी असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचे दार उघडते. मग ध्रुवांजवळ आकाशात प्रचंड प्रवाह उसळतात, त्यांचीच प्रभा आपण चित्रांत पाहतो. त्याच वेळी विषुववृत्ताच्या वर, हजारो मैल उंचीवर, पृथ्वीला वेढा घालून पश्चिमेकडे वाहणारा एक विद्युत्प्रवाह बळावतो. तो पृथ्वीच्या क्षैतिज बलाच्या विरुद्ध काम करतो, आणि त्याचा परिणाम आपल्यासारख्या कमी अक्षांशांवर स्वच्छ वाचता येतो. ध्रुवांजवळच्या गोंगाटात तो बुडून जातो.

म्हणजे वादळ एकच असले तरी देशाच्या प्रत्येक भागात ते निराळ्या रूपाने उतरते. या विषयावरील जे लोकप्रिय लेखन माझ्या वाचनात आले त्यात नॉर्वेची चित्रे असतात आणि कॅनडाची हकीगत असते. आपण कोठे उभे आहोत हे कोणी सांगत नाही. माझी खरी तक्रार तीच आहे.

लडाखपासून आरंभ करू. १० व ११ मे २०२४ च्या रात्री हानले येथील खगोल वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगत तांबडी आभा टिपली. ती दूर उत्तरेकडे, शेकडो किलोमीटर उंचीवर होती. म्हणूनच वरचा तांबडा रंग तेवढा आपल्या वाट्यास आला, खालचा हिरवा क्षितिजाआड राहिला. असे तेज ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री खुद्द मुंबईतून दिसल्याची आणि एडनच्या समुद्री तारेवर व्यत्यय आल्याची नोंद आहे. तेव्हा ‘आपल्याकडे असले काही होत नाही’ हे विधान जपून करावे.

दक्षिण टोकाचे चित्र वेगळे. चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते. थुंब्याची निवड झाली ती याच कारणाने. तेथे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद, तीव्र विद्युत्प्रवाह असतो. वादळाच्या काळात तो कधी उसळतो, कधी उलटतो, आणि त्यामुळे तिरुनेलवेलीचा चुंबक व अलिबागचा चुंबक एकाच घटकेला निरनिराळी हकीगत सांगू शकतात.

आणि आपली सुरत? येथे मला थोडे थांबावयाचे आहे. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन कारंज्याच्या पाण्यासारखे दोन्ही बाजूंना, चुंबकीय रेषांवरून घसरत, खाली येतात. उत्तरेकडील धार जेथे पडते तो पट्टा गुजरातवरून जातो. म्हणजे ज्या विषुववृत्तावरून हे इलेक्ट्रॉन उठले तेथल्यापेक्षा आपल्या डोक्यावर त्यांची दाटी अधिक! उपग्रहावरून येणारे संकेत या दाटीतून येताना रेंगाळतात. वादळात कारंज्याचा जोर वाढला तर धार आणखी उत्तरेकडे पडते, मंदावला तर पट्टा आखडतो. वादळ सकाळी आले की सायंकाळी, यावर ते ठरते. खंभातच्या आखातातील जहाज, उतरू पाहणारे विमान आणि खिशातल्या फोनवरील नकाशा हे सारे त्या संकेतांवर विसंबतात. विमानांसाठी उभारलेली ‘गगन’ ही यंत्रणा हीच चूक सतत मोजून दुरुस्त करीत असते.

विजेचे प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातील अभियंते माझ्यासमोर बसलेले आहेत. १३ मार्च १९८९ रोजी क्वेबेकची वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. कारणे दोन : ध्रुवाची जवळीक, आणि वीज न वाहू देणारा जुना कठीण खडक, जमिनीला न पेलणारा प्रवाह मग तारांचा मार्ग धरतो. तेवढा धोका आपल्याला नाही, हे खरेच. पण ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे जोडले गेल्यापासून सारा देश एका विद्युत्जालात आहे. प्रदेशांचे अक्षांश निराळे राहिले, तारा मात्र एक झाल्या. आपल्या हजिऱ्याहून निघणारी वायुवाहिनी विजयपूरमार्गे जगदीशपूरपर्यंत जाते. अशा लांब नळांना गंज लागू नये म्हणून त्यांवर बेताचा विद्युत्दाब ठेवलेला असतो, आणि चुंबकीय वादळ नेमका तो दाब हलवते. उत्तरेकडील देशांनी हे अनुभवले आहे.

आता पुन्हा कुलाब्याकडे येतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांना चिंता पडली, कारण ट्रामच्या प्रवाहाने चुंबकाची नोंद नासली असती. शहराने ट्राम सोडावी असा हट्ट त्यांनी धरला नाही. वेधशाळाच अलिबागेस हलविली. तेथील इमारत पोरबंदरच्या दगडाची आहे. त्या दगडात लोहचुंबकाचा अंश नाही, हे आधी तपासून घेतले होते. आणि १९०४ पासून दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्याशी सांधा तुटू नये. १९१० साली त्यांनी साठ वर्षांच्या निरीक्षणांचे खंड प्रसिद्ध केले. संशोधनाच्या निमित्ताने मी पुष्कळ जुन्या ग्रंथालयांत बसलो आहे, आणि जागा बदलताना कपाटेच्या कपाटे हरवलेली पाहिली आहेत. त्यामुळे मूससाहेबांच्या त्या दोन वर्षांपुढे माझी मान आपोआप लवते.

केरूनानांचा जन्म १८२५ सालचा, अलिबागजवळच्या नागाव येथला. ज्या कामावर ते पोरवयात मुंबईस रुजू झाले, ते काम त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांच्याच गावाशेजारी येऊन वसले, आणि अलिबागेस ते आजही चालू आहे.

 विद्यार्थिमित्रांचे प्रश्न असतील तर ते आधी घ्यावेत, अशी अध्यक्षमहोदयांना विनंती करतो.