ग्लायडरचा ट्रेलर



गॅरेज, फॅब्रिकेशन, ट्रान्सपोर्ट आणि क्लिअरिंगवाल्यांच्या या सभेत अध्यक्षानं धंद्याच्या एकूण परिस्थितीवर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र आज एकाच वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे ग्लायडरचा ट्रेलर. कसालच्या तिठ्यावर, मालवणचा रस्ता जिथे महामार्गाला मिळतो तिथे, हा विषय कुणाला लांबचा वाटेल. माझ्या मते तो आपल्या हाताच्या अंतरावर आहे.

ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारं विमान. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंचच्या दोरानं ग्लायडर वर खेचतात आणि तो बहुतेक वेळा त्याच मैदानावर परत उतरतो. लांब पल्ल्याला निघालेल्याची गोष्ट वेगळी. उन्हानं तापून वर चढणारी हवा मंदावली, की मिळेल त्या माळावर किंवा कापलेल्या शेतात उतरावं लागतं. मग मागून गाडीला जोडलेला ट्रेलर येतो, पंख सुटे करतात, सगळं आत सरकवतात आणि रस्त्यानं घरी आणतात. ट्रेलर नसेल तर वैमानिक मैदानाच्या घिरट्यांपलीकडे जायला धजत नाही. या खेळाची वाढ ट्रेलरपाशी अडते, असं मी म्हणतो ते यासाठी.

असे ट्रेलर चांगले बनतात जर्मनीत. व्हर्सायच्या तहानंतर तिथे इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली आणि 1920 पासून वासरकुप्पेच्या डोंगरावर ग्लायडिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या. शंभर वर्षांचा हात बसलेला आहे. साहजिकच आपला माणूस म्हणतो, ग्लायडर आणतोच आहे तर ट्रेलरही त्यातच येऊ दे. कंटेनरच्या हिशोबानं त्याचं बरोबर आहे. 15 मीटर पंखांचा ग्लायडर सुटा केला की एकेक पंख साडेसात मीटरच्या आत येतो, आणि ट्रेलरसकट तो 40 फुटी कंटेनरमध्ये मावतो.

कागदावर मात्र या दोन वस्तू एकत्र राहत नाहीत. ग्लायडर सीमाशुल्काच्या 88व्या प्रकरणात, विमानांमध्ये. ट्रेलर 87व्या प्रकरणात, वाहनांमध्ये, 8716 या शीर्षकाखाली. इन्व्हॉइसवर दोघांची मिळून एकच रक्कम लिहून आली, की मूल्यांकनाचा प्रश्न उभा राहतो. इकडे कंटेनर यार्डात उभा, तिकडे पोर्टचं डेमरेज आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचं भाडं, रोज चढतं. विकणाऱ्याकडून दोन ओळी, दोन किमती आणि ट्रेलरचा चासी नंबर माल निघण्याआधीच लिहून घ्यावा. आणखी एक बारीक गोष्ट. ट्रेलर हलू नये म्हणून चाकांखाली लाकडी ठोकळे मारलेले असतात. त्या ठोकळ्यांवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का नसेल, तर विमान बाजूला राहतं आणि वनस्पती संगरोधाचा विषय सुरू होतो. इतक्या मोलाचा माल ओंडक्याच्या तुकड्यापायी अडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वापरलेला ट्रेलर स्वस्त पडेल, या आशेवर तर कुणी राहूच नये. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे मोटार वाहनच आहे, आणि जुन्या वाहनाच्या आयातीला उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतलं असण्याची अट आहे. युरोपातल्या क्लबांकडे विकायला निघणारे ट्रेलर त्याहून कितीतरी जुने असतात. बंदरातून सुटला तरी पुढे आरटीओची नोंदणी आहेच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ग्लायडर बाहेरून आणा. ट्रेलर इथे बनवा.

मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बनतात, दुरुस्त होतात. रेझिन कधी धरतं, मॅटचा थर कुठे वाढवायचा, हे तिथल्या कारागिरांना बोटांनी कळतं. ट्रेलरचं वरचं लांब झाकण त्याच कामाचं आहे. खालची चौकट आपल्या वेल्डरच्या हातची. अवघड आहे ते आतलं. पंखाचं मूळ एका ट्रॉलीवर बसतं, टोकाकडचा भाग पंखाच्याच आकाराच्या, आतून कापड लावलेल्या खोबणीत. ती खोबण थोडी जरी चुकली, तर महामार्गाच्या प्रत्येक खड्ड्याला पंख घासतो. वजनही पुढच्या बाजूला थोडं जास्त हवं. मागं झुकलेला ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो. ब्रेक असा हवा, की गाडी थांबू लागली आणि मागून ट्रेलरचा रेटा आला, म्हणजे त्या रेट्यानंच तो लागावा. कपलिंग आणि हा ब्रेक खुशाल आयात करा, त्यात कमीपणा नाही. आणि आपल्या पावसात आत बुरशी धरू नये म्हणून हवा खेळती ठेवा. ही गरज जर्मन आराखड्यापेक्षा आपल्याला जास्त कळते.

इथे बनवलेल्यालाही मान्यता लागते, ती टाळून चालणार नाही. पण चाचणीच्या संस्था परदेशात नाहीत. एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला. 1961 साली रामामृतम यांच्या आराखड्यावरचा ‘रोहिणी’ हा दोन आसनी लाकडी ग्लायडर याच देशात बनून उडाला. उडणारं यंत्र ज्यांनी बनवलं, त्यांच्या देशानं त्याची गाडी बाहेरून मागवावी, हे मला पटत नाही.

दुपारच्या सत्रात एक वेल्डर, एक फायबरवाला आणि एक कागदपत्रं सांभाळणारा अशी तीन नावं ठरवू. पाऊस सरला की परवानगी घेऊन त्यांनी हडपसरला जावं, पंखाच्या मुळाची आणि टोकाची मापं घ्यावीत, पुठ्ठ्याचा साचा कापून आणावा. जाण्यायेण्याचा खर्च मी देतो.