ऋतूचा हुरडा, भोंग्याचा चहा



पौषात हुरडा अन् सोल्यांची भाजी, वैशाखात आंबील आणि पन्हे. वऱ्हाडात ताट ऋतू पाहून वाढतात. चहाला ऋतू नाही, त्याला भोंगा आहे. 1903 साली चहावर उपकर बसवून साहेबाने प्रचाराला पैसा उभा केला खरा. पण अकोला-अमरावतीत आम्ही तो रुजलेला पाहिला जिनिंगच्या फाटकाशी. रुईचा तंतू घशात बसतो, तिथे गरम घोट हवाच. 1948 च्या कारखाना कायद्याने उपाहारगृह सक्तीचे केले, ते अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे. 2020 च्या संहितेने ती मर्यादा शंभरावर आणली. आमच्या पुष्कळ जिनिंगांत शंभर माणसेही नसतात! हुरडा शेतकरी आग्रहाने फुकट खाऊ घालतो. फाटकावरचा चहा मात्र मजूर आपल्या रोजातून पितो, पुष्कळदा उधारीवर.