दारीं अमेरिकन हत्ती

हत्ती पोसावयास राजवाडा लागतो, अशी जुनी समजूत आहे. जर्मनींतील कांहीं गृहस्थ मात्र तो भाड्याच्या गॅरेजमध्यें पोसतात. हा हत्ती म्हणजे तीस वर्षांहून जुना अमेरिकन पिकअप ट्रक. पुढें दोघां-तिघांना पुरेल एवढी बैठक आणि मागें उघडा हौदा. मालमोटारीच्या या भागास मराठींत हौदाच म्हणतात; तेव्हां उपमा अगदींच अस्थानीं नाहीं.

या जातीच्या गाड्या मूळच्या शेतकऱ्याच्या. फोर्ड कंपनीनें १९४८ सालीं काढलेल्या एफ-१ गाडींत आठ सिलिंडरांचें, सुमारें ३.९ लिटरचें, १०० अश्वशक्तीचें यंत्र मिळे. गवत, खताचीं पोतीं, एखादें वासरूं असा तिचा भार. पुढें कोणी तिला मऊ फडक्यानें पुसत बसेल, हें तिच्या कर्त्यांच्या स्वप्नींहि नसेल. युरोपांत पेट्रोल महाग, गल्ल्या अरुंद; तेथील कारागिरानें लहान बंदिस्त गाडीच पसंत केली. मौज अशी कीं, युरोपीय राष्ट्रांनीं अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली, तेव्हां अमेरिकेनें १९६४ पासून परदेशी हलक्या मालमोटारींवर शेंकडा २५ जकात बसवून तिचें उट्टें काढलें. कोंबडीच्या भांडणांत जर्मन पिकअपची अमेरिकेंतील वाट बंद झाली, आणि अमेरिकन पिकअप घरच्या अंगणांत निर्धास्तपणें अधिकच धष्टपुष्ट होत गेला.

जाणता ग्राहक गाडी शोधतो ती ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रांतांत. उत्तरेकडे हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात व तें लोखंड खाऊन टाकतें. तेथून समुद्रमार्गें गाडी ब्रेमरहाफेन बंदरीं उतरते. ती तीस वर्षांवरील व मूळ स्थितींतील असेल, तर संग्रहाची वस्तु म्हणून जकात माफ होऊं शकते. परंतु अशी वस्तु सहसा आपल्या मूळ कामीं वापरली जात नाहीं, हें या सवलतींत गृहीत धरलेलें आहे. या अटीची आठवण मालकाला पुढें वारंवार होते.

यानंतर तपासनीस येतो. १९९७ पासून जर्मनींत जुन्या गाड्यांना शेवटीं 'एच' अक्षर असलेली क्रमांकपट्टी मिळते. तिचा वार्षिक कर सरसकट सुमारें १९२ युरो. शिवाय धुराचे निर्बंध असलेल्या शहरभागांतहि तिला प्रवेश मिळतो. अट एवढीच कीं, गाडी बव्हंशीं मूळ रूपांत व सुस्थितींत असावी. आतां अमेरिकन गाडीचे मागचे वळणाचे दिवे बहुधा तांबडे असतात. जर्मन नियमास ते पिवळे हवेत. १९७० पूर्वीं रस्त्यावर आलेल्या गाडीला तांबडे चालतात. पण १९७२ ची गाडी असेल तर एक नियम म्हणतो बदलूं नका, दुसरा म्हणतो बदला! अखेर पिवळा दिवा कोठें तरी बेतानें बसवून दोघांचेंहि समाधान करावें लागतें.

सुटे भाग मिळत नसतील, ही भीति मात्र बरीचशी निराधार आहे. लोकप्रिय नमुन्यांचे भाग अमेरिकेंत नव्यानेंहि बनतात व टपालानें येतात. अडचण असते ती मिस्त्रीच्या पेटींत: तेथील पाने मिलिमीटरचे, आणि जुन्या गाडीचे बोल्ट इंचांचे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलानें जुन्या रबरी नळ्या कुजतात, त्या बदलणें आलेंच. मोठ्या यंत्राला शंभर किलोमीटरला वीस लिटर पेट्रोल लागलें तरी नवल नव्हे. आणि दोन मीटर रुंदीची गाडी भूमिगत वाहनतळांत उभी केल्यावर मालकानें दार उघडून उतरावें कसें, हा प्रश्न उरतोच.

पण खरी ओढाताण हौद्यापाशीं आहे. कित्येक मालक त्यांत रंधून चकचकीत केलेल्या लांकडी पट्ट्या बसवितात आणि तेथें टोपलीहि ठेवूं देत नाहींत. एखाद्या सुतारानें मात्र ती गाडी घेतलेली असते ती फळ्या नेण्याच्याच हौसेनें. शनिवारीं तो त्या भरतो. एखादी घसरते आणि जुन्या रंगावर लांब चरा उठतो. शेतावर असे चरे रोज पडत व त्यांकडे कोणी पाहतहि नसे. दोन वर्षांनीं होणाऱ्या तपासणींत यास सुस्थिति म्हणतील काय, हा विचार मात्र फळ्या उतरवितांना सुताराच्या मनांत येतो. तो चऱ्यावरून बोट फिरवितो, आणि उरलेल्या फळ्या उतरवूं लागतो.