कलेचा तास कोणाच्या मुलांचा?

(वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, येथे शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



वळसंगच्या इतिहासात एका विहिरीला मानाचे स्थान आहे. गावातील दलित समाजाने ती स्वश्रमाने खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या उद्घाटनासाठी येथे आले. पाणी भूमीच्या पोटात होतेच. ते कोणाच्या घागरीत जाणार, एवढाच काय तो प्रश्न होता. माध्यमिक शाळेतील कलाशिक्षणाचा विचार करताना हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. कला गावात आहे, मुलांच्या अंगी आहे. शाळेतून ती कोणाच्या वाट्याला येते?

कागदावर पाहिले तर कशाचीच उणीव नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कला हा विषय असावा, असे सांगितले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे ठरविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कला आणि विज्ञान यांच्यातील भिंतच नको, अशी घोषणा केली. घोषणा उदात्त आहे. परंतु घोषणेने वर्गात पेटी वाजत नाही आणि रंगाची वाटीही भरत नाही. कायद्यातील ‘अंशकालीन’ या एका शब्दाचा महाराष्ट्रात काय अर्थ लावला गेला, हे २०१५ साली दिसले. कला व क्रीडा या विषयांसाठी मानधनावरील अतिथी निदेशकांची योजना त्या वर्षी शासनाने पुढे आणली आणि त्यांचे मानधन तासिकेमागे ५० रुपये ठरविले. ज्या विषयाच्या शिक्षकाला मोलकऱ्यासारखे तासावर मोजले जाते, त्या विषयाची प्रतिष्ठा विद्यार्थ्याच्या मनात किती राहील?

दुसऱ्या बाजूने याच कलेला परीक्षेत मोल आले. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळविणाऱ्यास दहावीला ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३ वाढीव गुण देण्याचे धोरण २०१७ नंतर लागू झाले. हेतू चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षक काढून घ्यावयाचा आणि गुण मात्र ठेवावयाचे, याचा परिणाम एकच होतो. शहरातील सुस्थित घरचे मूल खाजगी वर्गाला जाते आणि गुण मिळविते. शेतमजुराच्या किंवा विडी कामगार स्त्रीच्या मुलाला तेच गुण दुर्मिळ होतात. म्हणजे उत्तेजनासाठी योजिलेले गुण विषमतेचे नवे साधन ठरतात.

“गरिबाच्या पोराला गणित आणि इंग्रजी येऊ द्या, चित्रे काढून पोट भरते काय?” असा प्रश्न पालक विचारतात. तो तुच्छतेने झटकून टाकण्यासारखा नाही. त्यामागे पोटाची काळजी आहे. परंतु उत्तर दूर शोधावयास नको. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड मागावर उतरण्यापूर्वी ती कोणीतरी चौकटीच्या कागदावर घराघराने रेखाटलेली असते. माग चालविणारे हात आणि नक्षी आखणारे हात यांत मजुरीचा आणि मानाचा फार मोठा फरक पडतो. कामगाराच्या मुलाने मागच चालवावा आणि रेखाटन दुसऱ्यानेच करावे, असा नियम कोणी लिहिलेला नाही. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणारे वेळापत्रक तो न लिहिताच अमलात आणते.

आणि पोटापलीकडेही एक प्रश्न आहे. महात्मा फुले यांनी शिक्षणाचे महत्त्व सांगण्यासाठी १८५५ साली नाटक लिहिले, ते ‘तृतीय रत्न’. सत्यशोधकांचे आणि पुढे आंबेडकरी चळवळीचे जलसे गावोगाव फिरले. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली याच जिल्ह्यात उपोषण केले; त्यापूर्वीच्या प्रचारदौऱ्यात राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज गिरणगावाने ऐकला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत विचार गाण्याने आणि सोंगाने पोचविला. ज्या समाजाच्या मुलांना रंगमंचावर उभे राहून बोलता येत नाही, त्यांच्या वतीने उद्या दुसरेच कोणी बोलणार, हे उघड आहे.

या सीमाभागात अनेक मुलांच्या घरी कन्नड आणि शाळेत मराठी असते. वर्गात अडखळणारे असे मूल नाटुकल्यात उभे राहिले की पाठांतरानेच का होईना मोकळे बोलू लागते. चित्राला तर दुभाष्याची गरजच नसते. म्हणून भाषाशिक्षणाच्या दृष्टीनेही कलेचा तास येथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक मोलाचा आहे.

वार्षिक स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकावर सिनेमाचे गाणे लावून मुले नाचविली म्हणजे कलाशिक्षण झाले, ही समजूत सोडली पाहिजे. गावात भजनी मंडळे आहेत, भारूड आहे, हलगी आहे. या कलावंतांना शाळेने सन्मानाने बोलवावे, आणि योग्य मानधन देऊन बोलवावे. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. हलगी ही जातीने एका घराला चिकटविलेली चाकरी म्हणून वर्गात येऊ नये. कोणत्याही घरच्या मुलाने आणि मुलीने ती गळ्यात अडकवावी, तरच तिला शिक्षण म्हणता येईल.

यास्तव मागण्या तीनच आहेत. प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्ण वेतनाचा, कायम कलाशिक्षक असावा. लहान शाळांनी हवे तर दोघींत मिळून एक घ्यावा, पण तो तासावरचा नसावा. वेळापत्रकातील कलेचा तास परीक्षेच्या नावाखाली कोणी काढून घेऊ नये, आणि यावर पालकांनीच लक्ष ठेवावे. रंग, कागद आणि वाद्ये यांचा खर्च शाळेच्या अनुदानात धरावा. तो मुलांच्या दप्तरावर लादू नये.

शासन हे आपण होऊन देईल, असे मानण्याचे कारण नाही. वळसंगची विहीरही कोणी दान म्हणून दिलेली नव्हती. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढेच विचारावे : चित्रकलेचा आणि गाण्याचा तास या आठवड्यात किती वेळा झाला? विहिरीचे काम पहिल्या कुदळीने सुरू होते. या कामाची पहिली कुदळ हा प्रश्न आहे.