पाच रंगांची फौज



विषयपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘पॉवर रेंजर्स’ हे शब्द वाचून काही ज्येष्ठ मंडळींनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, “हे काय काढलेत? मजूर चळवळीवर बोला की!” आम्ही म्हटले, त्यावरच बोलणार आहोत, फक्त वाट जरा वळणाची आहे. सभागृहात तिशीच्या आगेमागे जी तरुण मंडळी बसली आहेत त्यांना विषय समजावून देण्याची गरज नाही. त्यांच्या तोंडावर हसू आम्हांला येथून दिसते आहे. बाकीच्यांसाठी थोडी हकीकत सांगणे भाग आहे.

ही अमेरिकेतील मुलांची दूरचित्रवाणी मालिका. २८ ऑगस्ट १९९३ रोजी ती तिकडे सुरू झाली. एंजल ग्रोव्ह नावाचे गाव आहे. चंद्रावर गेलेले अंतराळवीर तेथे पडलेले एक भांडे उघडतात आणि त्यात दहा हजार वर्षे कोंडलेली रीटा नावाची चेटकीण बाहेर पडते. तिच्याशी लढण्यासाठी झोर्डन नावाचा एक ज्ञानी पुरुष, म्हणजे काचेच्या नळकांड्यात तरंगणारे नुसते डोके, शाळेत जाणारी पाच मुले निवडतो. तांबडा, काळा, निळा, पिवळा, गुलाबी असा प्रत्येकाचा एक रंग, आणि प्रत्येकाचे प्राचीन प्राण्याच्या आकाराचे एक यंत्र. पुढे दर भागात तेच. आधी मातीचे शिपाई येतात, मग राक्षस येतो. राक्षस हरायला लागला की रीटा चंद्रावरून आपली काठी फेकते आणि तो इमारतीएवढा होतो. मग पाच यंत्रे एकमेकांना जोडून एक प्रचंड यंत्रमानव उभा राहतो, तलवार चालते, राक्षस फुटतो, आणि मुले ज्यूसच्या दुकानात हसत बसतात.

आमच्याकडे ही गोष्ट हिंदी बोलीत, मुलांच्या वाहिनीवर आली. आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. पाहिली ती त्याने बरीचशी पुढची पर्वे. चाळीतली पाच पोरे डोक्यावर प्लॅस्टिकचे डबे घालून जिन्यात लढत असत, आणि तांबडा कोणी व्हायचे यावरून खरी मारामारी होत असे. आम्ही गेटसभेहून घरी आलो की पहिले वाक्य ठरलेले, “बंद कर ते.” मुलांच्या डोक्यात परदेशी कचरा भरतो आहे असे आमचे स्पष्ट मत होते, आणि ते मत आम्ही एकही भाग पुरा न पाहता बनवले होते. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि नगरवाचनालयातून. पुस्तकाला मान देणारा माणूस पडद्याला नावे ठेवतोच. असो.

गेल्या दिवाळीत तोच मुलगा, आता अठ्ठावीस वर्षांचा, मोबाईलवर १९९३ चे पहिले पर्व लावून बसला होता. एका मोठ्या गोदामात तो कंत्राटदारामार्फत कामाला आहे. म्हणाला, “आप्पा, बसा. एकच भाग बघा. तुम्ही कधी बघितलंच नाही.” आम्ही बसलो. पुढच्या दोन महिन्यांत तीसेक भाग पाहिले.

पहिल्यांदा हसू येते, हे कबूल केले पाहिजे. राक्षसांचे रबर सांध्यावर दुमडते. इमारती पुठ्ठ्याच्या आहेत हे लहान पोरालाही दिसावे. तलवार कोठेही लागली की दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. हेल्मेट घातले की तोंड दिसत नाही, म्हणून कोण बोलतो आहे हे कळावे यासाठी प्रत्येक शब्दाला हातवारे! मुखवटा घातलेल्या सोंगाला अंग जास्त हलवावे लागते, हे आपल्याकडची सोंगे पाहिलेल्यांना नवे नाही. मुलगा स्वतःच कपाळावर हात मारून घेत होता. “हे आम्हाला खरं वाटायचं, आप्पा?”

पण तीन-चार भाग झाल्यावर आमच्या धंद्याची नजर जागी झाली. हेल्मेट चढवल्यावर प्रकाश बदलतो, हवा बदलते, रस्तासुद्धा बदलतो. चौकशी केली तेव्हा कळले की लढाया मुळात अमेरिकेच्या नव्हेतच. जपानात तोएई कंपनी १९७५ पासून अशा पंचरंगी वीरांच्या मालिका काढीत आली. पहिली ‘गोरेंजर’, तिची कल्पना शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची. त्यातली १९९२ ची ‘झ्यूरेंजर’ ही मालिका हाइम साबान या अमेरिकन निर्मात्याने घेतली, तिच्यातल्या हेल्मेटवाल्या लढाया ठेवल्या आणि उघड्या चेहऱ्यांचे प्रसंग कॅलिफोर्नियात नव्याने चित्रित केले. चेटकिणीचा चेहरा माचिको सोगा या जपानी नटीचा, आवाज एका अमेरिकन बाईचा. पिवळा वीर जपानात पुरुष होता, अमेरिकेत ती मुलगी झाली. म्हणून गुलाबी पोशाखाला झालर आहे आणि पिवळ्याला नाही. कापड एका गावचे, शिलाई दुसऱ्या गावची, लेबल तिसऱ्याचे, हा व्यवहार आम्ही जन्मभर पाहिला. तो रबरी राक्षसांच्या गोष्टीतही सापडेल असे वाटले नव्हते. हेल्मेटाखाली घाम गाळणारे ते जपानी कसरतपटू अमेरिकेतल्या एकाही पोराला ठाऊक नव्हते.

झोर्डन त्या मुलांना प्रथमच तीन नियम घालून देतो. शक्ती स्वतःच्या लाभासाठी वापरायची नाही. शत्रूने भाग पाडल्याशिवाय लढाई वाढवायची नाही. आणि आपण कोण आहोत हे कोणाला कळू द्यायचे नाही.

दुसऱ्या नियमापाशी आम्ही थांबलो. आठ वर्षांच्या आमच्या मुलाने एकदा विचारले होते, ते शेवटी मोठा रोबो करतातच, मग पहिल्यांदाच का करत नाहीत? आम्ही तेव्हा उत्तर दिले नव्हते. वास्तविक हा प्रश्न आम्हांला दर नवा सभासद विचारतो. साहेब, शेवटी संपच करायचा आहे ना, मग उद्याच करू! त्याला आम्ही सांगतो, आधी अर्ज, मग बोलणी, मग नोटीस, मग काळी फीत. संप हे पाच यंत्रे जोडून केलेले यंत्र आहे. एक सांधा कच्चा असला तर ते पहिल्या पावलाला कोसळते, आणि पुन्हा उभे करायला दहा वर्षे लागतात. वीस वर्षे उशिरा का होईना, मुलाला त्या रात्री उत्तर मिळाले. तो म्हणाला, “तेव्हाच सांगितलं असतं तर मी टीव्ही स्वतः बंद केला असता.”

आता पहिला आणि तिसरा नियम. येथे गोष्ट पडद्याच्या मागे जाते.

त्या पाच मुलांचे काम करणारे नट-नटी विशीच्या आसपासचे होते. काम युनियनच्या कराराबाहेरचे होते. तांबड्याचे काम करणाऱ्या ऑस्टिन सेंट जॉनने पुढे मुलाखतींत सांगितले, की आठवड्याला सहाशे डॉलरच्या आसपास मिळत, आणि पुनःप्रक्षेपणाचा मोबदला नाही. इकडे १९९३ च्या नाताळात त्यांच्या आकृतीची खेळणी दुकानांत पुरत नव्हती. १९९४ साली तांबडा, काळा आणि पिवळी, म्हणजे सेंट जॉन, वॉल्टर जोन्स आणि थुई ट्रांग, यांनी अधिक वेतन आणि युनियनच्या दराची मागणी केली. ती मान्य झाली नाही. तिघे बाहेर पडले.

आणि मालिका थांबली नाही! हेच आम्हांला सांगावयाचे आहे. काही भाग जुनी चित्रफीत जोडून, तोतये उभे करून, आवाज बदलून काढले. मग गोष्टीत असे दाखवले की तिघांची शांतता परिषदेसाठी स्वित्झर्लंडला निवड झाली, आणि त्यांच्या जागी तीन नवी मुले आली. रंग तेच, हेल्मेट तेच. पडद्यासमोर बसलेल्या पोरांना तांबडा हवा होता, तो त्यांना मिळाला. आपण कोण आहोत हे कळू न देण्याचा नियम झोर्डनने मुलांच्या सुरक्षिततेसाठी सांगितला होता. तो मालकाच्या किती सोयीचा आहे हे त्या वर्षी दिसले.

२०१६ साली एका कारखान्याच्या गेटवर, नाव घेत नाही, आम्ही हेच पाहिले आहे. एकोणीस कंत्राटी पोरांनी जादा कामाचा कायदेशीर दर मागितला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेटबाहेर होती आणि आत दुसरी एकोणीस, त्याच निळ्या गणवेशात आणि त्याच पिवळ्या हेल्मेटात. त्या दिवशी कारखाना पाहायला पाहुणे आले होते. त्यांना काहीच वेगळे दिसले नाही.

मालिकेतल्या ज्यांनी काम सोडले नाही त्यांना आम्ही फितूर म्हणणार नाही. तो शब्द आम्ही तरुणपणी फार स्वस्तात वापरला, आता वापरवत नाही. निळ्याचे काम करणारा डेव्हिड योस्ट राहिला, पण पुढे तोही गेला, आणि समलिंगी असल्यावरून सेटवर होणाऱ्या छळामुळे गेलो असे त्याने २०१० साली सांगितले. राहणाऱ्यांचेही काही दुखत असतेच. ते विचारायला संघटना लागते, आणि ती तेथे नव्हती. थुई ट्रांग ही व्हिएतनामहून निर्वासित होऊन आलेली मुलगी. २००१ साली मोटार अपघातात ती वारली, सत्तावीस वर्षांची. मालिकेचे चित्रण २००३ च्या पर्वापासून न्यूझीलंडला गेले, कारण तेथे खर्च कमी. २०१८ साली हास्ब्रो या खेळणी कंपनीने सगळा हक्क ५२ कोटी २० लक्ष डॉलरला घेतला. शक्ती स्वतःच्या लाभासाठी वापरू नये, हा नियम हेल्मेटाच्या आतल्यांनाच होता असे दिसते.

इतके ऐकल्यावर आपण म्हणाल, मग हे सारे ढोंगच की. आम्हीही जवळजवळ त्याच मताला आलो होतो. विशेषतः एक गोष्ट आम्हांला खुपत होती. या गावातले लोक वर्षानुवर्षे नुसते पळतात. राक्षस आला की किंचाळत पळायचे, आणि पाच निवडलेली मुले आपल्याला वाचवतील म्हणून वाट पाहायची. पुढारी लढेल आणि आपण गॅलरीत उभे राहू, हा रोग आमच्या परिचयाचा आहे.

मुलगा म्हणाला, “थांबा आप्पा, शेवट बघा.” त्याने १९९८ सालच्या एका पर्वाचा शेवट लावला. शत्रूचे सैन्य एंजल ग्रोव्हमध्ये उतरले आहे. लोकांना चौकात गोळा केले आहे. रेंजर्सना हवाली करा, नाहीतर गाव उरणार नाही. या मालिकेत बल्क आणि स्कल ही दोन विदूषकी पात्रे पहिल्या भागापासून आहेत. शाळेत दादागिरी करायची, केकमध्ये तोंड आपटायचे, एवढेच त्यांचे काम. मधल्या काळात रेंजर्स कोण आहेत हे शोधून प्रसिद्धी मिळवायची म्हणून ती धडपडत होती. तोच लठ्ठ बल्क गर्दीतून पुढे येतो आणि सांगतो, की मी निळा रेंजर आहे. त्याच्या मागोमाग स्कल. मग एक म्हातारा, एक बाई, आणि बघता बघता सारा चौक, मी रेंजर, मी रेंजर. तेव्हा खरे रेंजर्सही गर्दीतून बाहेर येतात आणि सगळ्यांच्या देखत, उघड्या चेहऱ्याने, हेल्मेट चढवतात. झोर्डनचा तिसरा नियम तेथे संपतो.

ही युक्ती जुनी आहे. ‘स्पार्टाकस’ या १९६० च्या चित्रपटात गुलाम असेच एकामागून एक उठतात. पण तेथे उठणारे लढवय्ये होते. येथे उठला तो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला माणूस, आणि म्हणून आम्हांला हा प्रसंग अधिक खरा वाटला. गेटवर पहिला हात वर करणारा आम्ही हेरून ठेवलेला कार्यकर्ता क्वचितच असतो. बहुधा तो कोणीतरी असतो ज्याला कॅन्टीनमध्ये सगळे हसतात. पुठ्ठ्याच्या त्या इमारतींपुढे आमचे डोळे भरून आले, हे या व्यासपीठावरून सांगायला आम्हांला लाज वाटत नाही. मुलाने पाहिले, पण तो काही बोलला नाही.

मग आम्ही त्याला विचारले, “तुझ्या लाइनवर किती जण आहेत?” म्हणाला, “तेवीस.” म्हटले, “नावे सांग.” त्याने चार सांगितली आणि थांबला. “बाकीच्यांना आम्ही जॅकेटवरच्या नंबरानंच हाक मारतो, आप्पा. माणसं सारखी बदलतात.” आम्ही पुढे काही म्हटले नाही; त्याला व्याख्यान द्यायची आमची सवय त्याच्या आईने मोडली आहे.

पुढच्या रविवारी जेवताना तो आपणहून म्हणाला, “एकशे बेचाळीस नंबरचा पोरगा नांदेडचा आहे. त्याची आई शाळेत पोषण आहार शिजवते.” नंतर आणखी दोन नावे आली. परवा विचारले तेव्हा अकरा झाली होती.