वसतिगृहातला दादा

अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मनापासून मानतो आणि लगेच कामाचं बोलतो, कारण माझ्यानंतर जेवण आहे आणि आमटीचा वास मंचापर्यंत पोचलाय.

मी अंधशाळेच्या वसतिगृहात वाढलो. ब्रेल बाईंनी शिकवली. बाकीचं सगळं चार यत्ता पुढच्या एका दादाने. पांढरी काठी कशी फिरवायची, वेगवेगळ्या नोटांना कशा वेगवेगळ्या घड्या घालायच्या, परीक्षेचा लेखनिक ऐनवेळी आला नाही तर कुणाला गाठायचं. पुढे तो टेलिफोन ऑपरेटर झाला आणि सुट्टीत येऊन पगाराच्या गोष्टी सांगू लागला. नोकरी आपल्यालाही मिळू शकते, हे आम्हाला त्याच्यामुळे कळलं.

आज बरीच मुलं गावातल्याच शाळेत, सगळ्यांबरोबर शिकतात. ते योग्यच आहे. वसतिगृहातली वरणाची बादली मला परत नको. पण या बदलात तो दादा हरवला. तालुक्याच्या कॉलेजात अख्ख्या वर्गात एकच अंध मुलगी असते. प्राध्यापक प्रेमळ असतात, पण नुसत्या फोटोसारखी स्कॅन केलेली पीडीएफ पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वाचत नाही, तेव्हा काय करायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. दोन वर्षांपूर्वी तिथेच अडलेल्या मुलाला ते ठाऊक असतं. तो नागपुरात असेल, ती कणकवलीत. फोन दोघांकडे आहे.

अशांना फोनवर जोडून देण्याची ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 1992 साली ‘डू-इट’ हा उपक्रम सुरू झाला आणि अपंग शाळकरी मुलं ई-मेलवरून एकमेकांना आणि नोकरी करणाऱ्या अपंग वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागली. आपल्यातल्या कित्येकांची भाकरी ज्या एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरवर आहे, त्याचं काम 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केलं आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्यांची ओळख लहानपणी एका संगीत शिबिरात झाली होती. त्या वर्षी एखाद्याला ताप येऊन शिबिर चुकलं असतं तर, असं माझ्या मनात नेहमी येतं.

आपल्याकडे अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्याने सरकारी नोकरीत तीन टक्के जागा दिल्या, 2016 च्या कायद्याने चार टक्के केल्या. मी त्या आरक्षणातूनच लागलो. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, “तुम्ही बसा हो निवांत, पगार चालू राहील.” चौदा महिने बसलो. मित्रहो, बसून मिळालेला पगार मोजताना हात जड होतो. (मला कुणी दिव्यांग म्हणो की आंधळा, मी रागावत नाही. काम दिलं नाही की रागावतो.) शेवटी दादाला ब्रेलमध्ये पत्र टाकलं; ब्रेलला तिकीट लागत नाही. उत्तर यायला बारा दिवस लागले. एकच ओळ होती: ‘साहेबांना सांग, कार्यालयाचा फोन माझ्या टेबलावर हलवा.’ सांगितलं. हलवला. दुसऱ्या दिवसापासून मला पाणी प्यायला फुरसत नव्हती.

ही ओळ कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात मिळाली नसती. मुलाखतीत “तुम्ही कॉम्प्युटर कसा चालवणार?” असं विचारलं तर भाषण करू नये, लॅपटॉप उघडून दाखवावा, हेही तिथे कुणी सांगत नाही.

तेव्हा तरुणांना हारतुऱ्यांतल्या यशोगाथा पाठवू नका. सकाळच्या गुलाबांचे फोटोही नकोत, आम्हाला तर ते दिसतही नाहीत. प्रश्नाचं उत्तर द्या. येत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा आणि खरंच विचारा. कर्णबधिर मुलांशी व्हिडिओवर खुणांच्या भाषेत बोलणारे कर्णबधिर मित्रच हवेत; तिथे आपली उत्साही मध्यस्थी कामाची नाही. आणि मार्गदर्शनाच्या नावाखाली पैसे मागणाऱ्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढा.

नोंदणीच्या टेबलाशी एक वही ठेवली आहे. नोकरीत असलेल्या प्रत्येकाने जेवणाआधी तिच्यात आपला फोन नंबर आणि आठवड्यातला मोकळा एक तास लिहून द्यावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं लिहून घ्यायला दोन मुली बसल्या आहेत. पहिली नोंद माझी आहे: गुरुवार, रात्री आठ.